पेशी मरत होत्या, पण आमच्या टार्गेटमुळे नाही: एका कंपाउंडची पूर्ण केस

हे प्रकरण आमच्याच टीमचं आहे, कॅन्सरवरचं औषध शोधताना घडलेलं. कंपनी, टार्गेट (औषधाने अडवायचं ते प्रोटीन), कंपाउंडचा (औषध म्हणून तपासायच्या रेणूचा) कोड यातलं काही लिहिता येणार नाही, पण बाकी जे घडलं ते आकड्यांसकट लिहितेय. हा असा प्रकार आपल्या क्षेत्रात बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो, प्रोजेक्ट बंद होतो, सगळे पुढच्या कामाला लागतात आणि नेमकं कुठे चुकलं ते कुणी नीट लिहून ठेवत नाही.

प्रोजेक्ट काय होता

मी सेल बायॉलॉजिस्ट. कॅन्सरच्या औषधशोधात माझं काम थोडक्यात असं, की केमिस्ट रेणू बनवतात, बायोकेमिस्ट तो रेणू शुद्ध प्रोटीनला अडवतो का ते बघतात, आणि मग तो माझ्या बेंचवर येतो, जिवंत पेशीत टाकल्यावर काय होतं ते बघायला. आमचं टार्गेट एक कायनेज होतं, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम. माणसात पाचशेच्या वर कायनेज आहेत, त्यातलं हे एक, काही ट्यूमरमध्ये त्याचं प्रमाण खूप वाढलेलं दिसतं, आणि सुरुवातीला आम्ही सायआरएनए (ठराविक प्रोटीन बनू न देणारे आरएनएचे छोटे तुकडे) वापरून ते कमी केलं तेव्हा पेशींची वाढ मंदावली होती. चारपैकी दोन ऑलिगोंनी (म्हणजे अशा तुकड्यांनी) परिणाम दाखवला, दोघांनी नाही. तेव्हा आम्ही म्हटलं की चालतंय, त्या दोघांनी प्रोटीन नीट खाली आलं नसेल. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

पहिला चांगला कंपाउंड आला तो एन्झाइमवर ८ नॅनोमोलर आणि पेशींवर ७०० नॅनोमोलर (परिणाम निम्मा व्हायला लागणारं प्रमाण, जितकं कमी तितका कंपाउंड ताकदवान). ऐकायला फरक मोठा वाटतो पण तो अपेक्षितच असतो, कारण एन्झाइमच्या अ‍ॅसेत (चाचणीत) आपण एटीपी (पेशीचं इंधन, कायनेज फॉस्फेट त्याच्याकडूनच घेतं) १० मायक्रोमोलर वगैरे ठेवतो आणि पेशीत एटीपी मिलिमोलरमध्ये असतं (नॅनोच्या हजार पट मायक्रो, मायक्रोच्या हजार पट मिली), आणि एटीपीच्याच जागी बसणाऱ्या रेणूला तिथे शेकडो पट जास्त स्पर्धा असते. त्यामुळे ७०० बघून कुणाला धक्का बसला नाही, फक्त तो आकडा खाली आणायचा होता.

मग साधारण नवव्या महिन्यात ४१ नंबरचा कंपाउंड आला. एन्झाइमवर ६ नॅनोमोलर, म्हणजे जवळपास तेवढाच, आणि पेशींवर ३५! वीस पट उडी. मीटिंगमध्ये तो स्लाइड आल्यावर लोक उभे राहिले होते, मला अजून आठवतं. कायनेज पॅनेलवर (एकदम बऱ्याच कायनेजवर होणाऱ्या तपासणीला) पाठवला तर तिथेही स्वच्छ निघाला, आमचं टार्गेट आणि अजून तीन-चार कायनेज सोडले तर काहीच नाही. हळू वाढणाऱ्या नॉर्मल फायब्रोब्लास्टवर (जोडऊतीच्या पेशींवर) टाकला तर त्या बऱ्यापैकी तगल्या. म्हणजे ताकद आहे, नेमकेपणा आहे, नॉर्मल पेशींना कमी त्रास आहे. अजून काय हवं.

जे दिसत होतं आणि आम्ही समजावून घेतलं

आता मागे वळून बघताना तीन गोष्टी तेव्हाच समोर होत्या.

पहिली. टार्गेट पेशीत खरंच अडतंय का हे बघायला आम्ही त्याच्या सबस्ट्रेटवरचा (ते ज्या प्रोटीनवर फॉस्फेट लावतं त्यावरचा) फॉस्फेट वेस्टर्न ब्लॉटवर (अँटीबॉडीने ठराविक प्रोटीन ओळखायच्या पद्धतीने) बघायचो. ४१ नंबरने तो फॉस्फेट निम्मा व्हायला साधारण ६०० नॅनोमोलर लागायचे. आणि पेशी मात्र ३५ ला निम्म्या. म्हणजे ज्या डोसला टार्गेट जवळजवळ जसंच्या तसं चालू आहे त्या डोसला पेशी आडव्या पडतायत. हे गणित जुळत नाही, सरळ सरळ जुळत नाही. पण आम्ही काय म्हटलं, की अँटीबॉडी घाण आहे, बॅकग्राउंड जास्त येतं. कुणीतरी म्हणालं की या कायनेजचं दहा-पंधरा टक्के काम अडलं तरी पेशीला पुरत असेल. अँटीबॉडी खरंच फार चांगली नव्हती, त्यामुळे ते पटलंही.

दुसरी गोष्ट कर्व्हच्या आकाराची. आमचा मुख्य अ‍ॅसे नेहमीचाच, ३८४ वेलची प्लेट, ७२ तास कंपाउंड, मग पेशी फोडून आतलं एटीपी ल्युसिफरेजच्या (एटीपी वापरून चमकणाऱ्या एन्झाइमच्या) उजेडाने रीडरवर मोजायचं. ४१ नंबरचा कर्व्ह खाली यायचा आणि कंट्रोलच्या, म्हणजे औषध न दिलेल्या पेशींच्या, १८ टक्क्यांवर थांबायचा. १०० नॅनोमोलरला १८, १ मायक्रोमोलरला १८, १० मायक्रोमोलरलाही १८. पेशी खरंच मारणारा कंपाउंड डोस वाढवला की शून्याकडे जातो. आता हिशोब करा, आमची लाइन (लॅबमध्ये वाढवत राहतो त्या कॅन्सर पेशी) एचसीटी११६, दुप्पट व्हायला वीसेक तास, म्हणजे ७२ तासांत न औषध दिलेल्या पेशी साधारण बारा पट होतात, आणि औषधाच्या पेशी एकही न मरता नुसत्या जागच्या जागी थांबल्या तरी कंट्रोलच्या आठ-नऊ टक्के दिसणार. त्यात त्या फुगून मोठ्या झाल्या असतील तर प्रत्येकीत एटीपी जास्त, म्हणून १८. म्हणजे तो १८ चा पठार ओरडून सांगत होता की या पेशी मेलेल्या नाहीत, अडकल्यात. औषध टाकायच्या क्षणाची एक प्लेट वेगळी मोजली असती तर त्याच दिवशी कळलं असतं, पण ती शून्य तासाची प्लेट आम्ही लावतच नव्हतो, रोबोटच्या वेळेत बसत नव्हती म्हणून.

आणि फायब्रोब्लास्टचं पण तेच. त्या तगल्या कारण त्या ७२ तासांत फार तर दीड वेळा विभागतात, जी पेशी विभागतच नाहीये तिला विभाजन अडवणाऱ्या औषधाने काय फरक पडणार. आम्ही त्याला सुरक्षितता म्हणत होतो.

तिसरी गोष्ट माझ्या एकटीची आहे आणि ती लिहिताना अजून वाईट वाटतं. माझ्या लॅब नोटबुकात, ४१ नंबर आल्यानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात, माझ्या हाताने लिहिलंय: "४१, २४ तास, गोल पेशी जास्त?" प्रश्नचिन्हासकट. म्हणजे मी ते बघितलं होतं. इनक्युबेटरमधून प्लेट काढून सहज मायक्रोस्कोपखाली धरली असणार, दिसलं, लिहिलं, आणि मग रीडरचा कर्व्ह आला आणि तो इतका सुंदर होता की त्या ओळीकडे परत गेले नाही. पेशीकडे बघणं हे ज्या माणसाचं मूळ काम आहे त्या माणसाने बघणं सोडून रीडरच्या एका आकड्यावर विश्वास ठेवला, कित्येक महिने.

नॉकआउट

चौदाव्या महिन्यात उंदरांवरच्या अभ्यासाची तारीख ठरली. त्याआधी टार्गेट व्हॅलिडेशनची फाइल नीट भरायची म्हणून मी म्हटलं की क्रिस्परने (डीएनए ठरवलेल्या जागी कापायच्या तंत्राने) टार्गेट काढलेल्या, म्हणजे नॉकआउट, पेशी बनवून घेऊ, म्हणजे सायआरएनएचा जुना डेटा बदलता येईल. खरं सांगायचं तर मला कसली शंका नव्हती, फाइल पूर्ण व्हावी एवढाच हेतू होता. माझी ज्युनियर त्या कामाला लागली.

काम सरळ आहे पण वेळखाऊ. दोन वेगवेगळे गाइड (कुठे कापायचं ते दाखवणारे आरएनए), दोन्ही कायनेज डोमेनच्या (प्रोटीनच्या कामाच्या भागाच्या) आतच कापणारे, कारण तिथे तीनच्या पटीत अक्षरं गेली आणि फ्रेम (अक्षरं तीन-तीन करून वाचायची चौकट) टिकली तरी प्रोटीन बहुतेक निकामीच होतं. कॅस९ (प्रत्यक्ष कापणारं एन्झाइम) पेशीत घालायचं, मग एकेक पेशी एकेका वेलमध्ये टाकायची आणि वाट बघायची. एका पेशीपासून वसाहत वाढायला तीन आठवडे. त्यातून तीन क्लोन स्वच्छ मिळाले, सीक्वेन्सिंगमध्ये सगळ्या प्रती तुटलेल्या, वेस्टर्नवर प्रोटीनच्या दोन टोकांना धरणाऱ्या दोन वेगळ्या अँटीबॉडींनी काहीच बँड नाही.

इथेच खरं म्हणजे पहिला धक्का होता. ज्या कायनेजशिवाय या पेशी जगू शकत नाहीत असं आम्ही दीड वर्ष म्हणत होतो, त्या कायनेजशिवायचे तीन क्लोन फ्लास्कमध्ये मजेत वाढत होते, दर तीन दिवसांनी पॅसेज करावे (विरळ करून नव्या फ्लास्कमध्ये हलवावे) लागत होते.

मग तिने त्यांच्यावर ४१ नंबर टाकला. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली, चेहरा उतरलेला.

"मॅम, एकदा बघता का, मला वाटतंय मी प्लेट लावताना पेशींची अदलाबदल केलीये."

"का, काय झालं?"

"चारही रेषा एकावर एक बसल्यात."

खरंच बसल्या होत्या. मूळ पेशी ३५, क्लोन ३३, ३८, ३६. जणू एकच प्रयोग चारदा केलाय. ज्या पेशीत टार्गेटच नाही त्या पेशीला टार्गेट अडवणारं औषध तितक्याच डोसला, तितक्याच जोरात लागतंय.

आम्ही आधी अदलाबदलच तपासली. एसटीआर प्रोफाइलिंगने (डीएनएवरून पेशींची लाइन ओळखण्याने) हे कळलं नसतं, कारण क्लोन आणि मूळ पेशी एकाच लाइनच्या, सगळ्यांचा प्रोफाइल सारखाच येणार. म्हणून ज्या फ्लास्कमधून प्लेट लावली होती त्याच फ्लास्कमधून परत लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) काढून वेस्टर्न केला. प्रोटीन नव्हतंच. मायकोप्लाझ्माची (पेशींना लागणाऱ्या छुप्या जंतूंची) पीसीआर परत केली, स्वच्छ. नवीन वायल काढून, नवीन पावडर विरघळवून, प्लेट मी स्वतः लावली. ३६, ३४, ३५, ३९. तिची चूक नव्हती. हे मी तिला त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, कारण दोन आठवडे ती स्वतःला दोष देत फिरत होती आणि या कामात ज्युनियर लोकांचं असं फार होतं, न पटणारा निकाल आला की आधी आपलाच हात चुकला असं वाटतं. आणि मग ते निकाल दाखवतच नाहीत, हे जास्त वाईट.

आक्षेप, आणि ते खोटे नव्हते

मीटिंगमध्ये पहिला आक्षेप आला तो रास्त होता. क्लोन बनायला पाच-सहा आठवडे जातात, त्या काळात पेशीने दुसरा रस्ता शोधला असेल, सवय करून घेतली असेल, आणि जे जगले तेच आपण निवडले. बरोबर आहे, क्लोनची ही मर्यादा आहेच.

म्हणून स्पर्धेचा प्रयोग केला. गाइडसोबत जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) घालायचं, निम्म्या पेशी हिरव्या आणि निम्म्या साध्या अशा एकाच फ्लास्कमध्ये ठेवायच्या, आणि दर तीन दिवसांनी फ्लो सायटोमेट्रीवर (एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर) हिरव्यांचं प्रमाण बघायचं. जीन गरजेचं असेल तर हिरव्या पेशी मागे पडतात आणि प्रमाण घसरतं. पीसीएनए हा कंट्रोल, ते डीएनए कॉपी करायला लागतंच, त्याच्या हिरव्या पेशी १५ दिवसांत ५० वरून ४ टक्क्यांवर आल्या. आमच्या टार्गेटच्या ४९ वरून ४७. आणि कुठेच परिणाम न करणाऱ्या एएव्हीएस१ गाइडच्या पण तेवढ्याच. इथे कुठला क्लोन निवडलेला नव्हता, पहिल्या दिवसापासून सगळ्या पेशी मोजणीत होत्या.

तेव्हा कुठे ते सायआरएनएचे दोन ऑलिगो आठवले. सायआरएनएच्या सुरुवातीच्या सात-आठ अक्षरांचा तुकडा दुसऱ्या कितीतरी आरएनएंना चिकटू शकतो, त्यामुळे न ठरवलेली प्रोटीन्स खाली येतात आणि पेशी त्यानेच मंदावते. चारपैकी दोन चालले याचा अर्थ दोन निकामी होते असा आम्ही लावला. उलटा अर्थ तितकाच शक्य होता, आणि ज्या दोघांनी परिणाम दाखवला नाही त्यांनी प्रोटीन किती खाली आणलं हे कुणी नीट मोजलंच नव्हतं. मी जुने नमुने काढून मोजले. दोघांनीही ८० टक्क्यांच्या वर कमी केलं होतं.

मग औषध लागत कुठे होतं

इथून पुढचं सगळं दोन आठवड्यांत झालं, आणि सुरुवात नोटबुकातल्या त्या ओळीपासून झाली. मी मुद्दाम रोबोट बंद ठेवून हाताने एक साधी सहा वेलची प्लेट लावली. डीएमएसओ (नुसतं द्रावक, म्हणजे कंट्रोल), ४१ नंबर १०० नॅनोमोलर, आणि पेशीचं विभाजन अडवणारी दोन ओळखीची रसायनं, नोकोडाझोल आणि पॅक्लिटॅक्सेल. १६ तासांनी, रात्री साडेनऊला, मायक्रोस्कोपवर धरली.

डीएमएसओच्या वेलमध्ये नेहमीचं दृश्य, पेशी तळाला पसरलेल्या, कडा एकमेकींना टेकलेल्या, आणि मध्येच एखादी गोल, विभागायला निघालेली. शंभरात चार-पाच. ४१ नंबरच्या वेलमध्ये निम्म्याहून जास्त पेशी गोल, तळापासून सुटत आलेल्या, फेज कॉन्ट्रास्टमध्ये काचेच्या मण्यांसारख्या चमकणाऱ्या, प्लेटला टिचकी मारली की जागच्या जागी हलणाऱ्या. शेजारच्या नोकोडाझोलच्या वेलवर सरकवलं तर तेच. मी चार-पाच वेळा पुढे मागे केलं. खालचं लेबल झाकलं तर मला दोन्ही वेगळे ओळखता आले नसते.

गोल पेशी म्हणजे मायटोसिसमध्ये (प्रत्यक्ष विभाजनाच्या टप्प्यात) अडकलेली पेशी. मग बाकीचं शिस्तीत: हिस्टोन एच३ च्या सेरीन १० वरच्या फॉस्फेटचं स्टेनिंग, ते मायटोसिसमध्येच जोरात चढतं, चढलेलं होतं. फ्लोवर दुप्पट डीएनएचा खांब उंच, १६ तासांना जवळजवळ सगळ्या पेशी तिथेच. मग पेशी थंड मिथेनॉलमध्ये फिक्स करून ट्यूब्यूलिनचं, म्हणजे ज्या प्रोटीनपासून मायक्रोट्यूब्यूल बनतात त्याचं, स्टेनिंग. न विभागणाऱ्या पेशीत मायक्रोट्यूब्यूल केंद्रापासून कडेपर्यंत धाग्यांसारखे पसरलेले असतात, विभागणाऱ्या पेशीत त्यांचाच गुणसूत्रं ओढून वेगळी करणारा दोन टोकांचा स्पिंडल होतो. ४१ नंबरमध्ये धागे नव्हतेच, नुसतं धुकं, आणि गुणसूत्रं मध्ये गोळा होऊन पडलेली. ७२ तासांच्या पेशी बघितल्या तर कितीतरी पेशी न विभागताच मायटोसिसमधून बाहेर पडलेल्या, मोठ्या, फुगलेल्या, एकेकीत पाच-सहा वेडेवाकडे केंद्रकांचे तुकडे. आमचं १८ टक्के एटीपी तिथे होतं.

शेवटी शुद्ध ट्यूब्यूलिन. ३७ डिग्रीला ते आपोआप जुळून धागे बनवतं आणि द्रावण गढूळ होतं, ३४० नॅनोमीटरला मोजता येतं. ४१ नंबरने ते जुळणं थांबवलं, अगदी कोल्चिसिन या ट्यूब्यूलिनला अडवणाऱ्या जुन्या औषधासारखं. इथे एक गोष्ट सांगून ठेवते कारण मीटिंगमध्ये यावरून गोंधळ झाला होता: या अ‍ॅसेत परिणाम दिसायला काही मायक्रोमोलर लागतात आणि लोक म्हणतात की मग ३५ नॅनोमोलरचं स्पष्टीकरण कुठे झालं. पण त्या ट्यूबमध्ये ट्यूब्यूलिनच दहा-वीस मायक्रोमोलर असतं, त्याच्याहून फार कमी औषध घालून सगळं कसं अडेल. कोल्चिसिनचंही या अ‍ॅसेत असंच दिसतं. पेशीत औषध आत साठत जातं आणि स्पिंडल बिघडायला थोडासाच हिस्सा पुरतो.

आणि कायनेज पॅनेल स्वच्छ का आलं? कारण पॅनेलमध्ये कायनेजच होते. ट्यूब्यूलिन त्यात नव्हतं. इतकं साधं.

आमची केमिस्ट

तिला हे सांगायला मी आणि माझी ज्युनियर दोघी गेलो. माझ्या पोटात गोळा आला होता, कारण ६३ कंपाउंड तिने आणि तिच्या दोन माणसांनी बनवले होते, एकेकाला दोन-तीन आठवडे. तिने फोटो बघितले, बराच वेळ काही बोलली नाही. मग स्वतःच तिचा तक्ता उघडला, आणि एन्झाइमचा आकडा भागिले पेशीचा आकडा असा नवीन कॉलम करून त्यावर क्रम लावला. वरचे सगळे एकाच प्रकारचे निघाले.

"ट्रायमेथॉक्सीफिनाइल," ती म्हणाली. "हे मीच ४१ ला लावलं. पेशीत वीस पट वाढ आली म्हणून पुढे सगळीकडे तेच ठेवलं."

तीन मेथॉक्सी गट असलेलं ते वलय कोल्चिसिनमध्ये आहे, पोडोफायलोटॉक्सिनमध्ये आहे, कॉम्ब्रेटास्टॅटिनमध्ये आहे, ट्यूब्यूलिनच्या त्या खोबणीत बसणाऱ्या रेणूंची ती जुनी खूण. पण कायनेज इन्हिबिटरमध्येही ते भरपूर वापरतात, त्यामुळे बघताक्षणी कुणाच्या डोक्यात धोक्याची घंटा वाजत नाही. ६३ पैकी २२ मध्ये ते होतं. तिने आलेख काढला: एन्झाइमची ताकद आणि पेशींवरचा परिणाम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, ठिपके सगळीकडे पसरलेले. नंतर आम्ही ट्यूब्यूलिनचा डेटा भरला तर ते २२ एका रेषेत आले.

आणि मग तिने जे केलं त्याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो. आठ दिवसांत तिने ४१ नंबरचा जोडीदार बनवला, कायनेजच्या हिंजला (एटीपीच्या जागेतल्या सांध्याला) हायड्रोजन बंधाने धरणाऱ्या नायट्रोजनवर फक्त एक मिथाइल लावलेला, म्हणजे कायनेजमध्ये तो बसूच शकणार नाही, बाकी रेणू तसाच. एन्झाइमवर १० मायक्रोमोलरलाही शून्य. पेशींवर ४२ नॅनोमोलर. नॉकआउटवर ज्यांचा अजून विश्वास बसत नव्हता त्यांचाही या एका रेणूने बसला. हा रेणू नवव्या महिन्यातच बनवता आला असता, तेव्हा कुणी मागितला नाही, मागायचं काम माझं होतं.

"मारतंय ना, मग काय बिघडलं?"

हा प्रश्न आला, मनापासून आला, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ट्यूब्यूलिनवरची औषधं कॅन्सरमध्ये दशकानुदशकं वापरतायत, व्हिन्क्रिस्टीन साठच्या दशकापासून, पॅक्लिटॅक्सेलला १९९२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, कितीतरी लोक त्यांच्यामुळे जगले. मग अजून एक असलं तर काय?

मी उत्तर म्हणून टिव्हँटिनिबची गोष्ट सांगितली. ते मेट नावाच्या कायनेजचं औषध म्हणून पुढे आलं. २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की मेटवर अवलंबून नसलेल्या पेशीही ते तितक्याच सहज अडवतं आणि मायक्रोट्यूब्यूल बिघडवतं. पण तोपर्यंत मोठ्या चाचण्या चालू झाल्या होत्या. यकृताच्या कॅन्सरची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी मेटचं प्रमाण जास्त असलेले रुग्ण निवडून केली, ३४० रुग्ण. औषध घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य ८.४ महिने, प्लासिबोवर ९.१. आणि डोस तर मध्येच कमी करावा लागला होता, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी घटत होत्या म्हणून, जे विभाजन अडवणाऱ्या औषधांचं ओळखीचं लक्षण आहे. त्या ३४० माणसांची निवड ज्या तपासणीवर झाली त्या तपासणीचा औषधाच्या खऱ्या कामाशी संबंध किती होता, हा प्रश्न मला त्या आठवड्यात झोपू देत नव्हता. औषध नेमकं कशावर बसतं हे माहीत नसेल तर ते कुणाला द्यायचं, किती द्यायचं, कशावर लक्ष ठेवायचं, कुठल्या दुसऱ्या औषधासोबत द्यायचं नाही, यातलं एकही उत्तर बरोबर येत नाही. आमच्या फाइलमध्येही रुग्ण निवडायची कसोटी तयार होती: ट्यूमरमध्ये आमचं कायनेज जास्त असलेले.

आणि हे एकट्या टिव्हँटिनिबचंही नाही. २०१७ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबोरेटरीतल्या जेसन शेल्टझर यांच्या गटाने मेल्क नावाचं कायनेज क्रिस्परने काढून टाकलं, पेशी व्यवस्थित वाढल्या, आणि मेल्कचं औषध म्हणून चाचणीत असलेला रेणू त्या पेशींनाही तसाच मारत होता. २०१९ मध्ये त्याच गटाने दहा औषधं घेऊन तेच केलं, टार्गेट काढलं तरी औषधं लागतच राहिली, आणि त्यातल्या एकाचं, ओटीएस९६४ चं, खरं टार्गेट सीडीके११ हे दुसरंच कायनेज निघालं. ते त्यांनी कसं शोधलं हे मला सगळ्यात आवडतं: औषधाला दाद न देणाऱ्या पेशी वाढवल्या, त्यांचं सीक्वेन्सिंग केलं, सीडीके११ मध्ये बदल सापडला, आणि तोच एक बदल साध्या पेशीत घातला तर त्याही दाद देईनाशा झाल्या. एवढा पुरावा असला की मग वाद उरत नाही.

पुढे काय झालं

उंदरांचा अभ्यास मी रद्द करायला लावला, तारखेच्या अकरा दिवस आधी. उंदीर आले असते, ट्यूमर लावले असते, आणि ४१ नंबरने ट्यूमर बहुतेक आकसलेही असते! मला याचीच जास्त भीती वाटली, कारण तो निकाल आल्यावर थांबवणं कुणालाच जमलं नसतं.

६३ पैकी ट्रायमेथॉक्सी नसलेले एकूण ४१ कंपाउंड उरले होते. त्यातल्या सगळ्यात चांगल्याने ५ मायक्रोमोलरला पेशीतला सबस्ट्रेटचा फॉस्फेट पूर्ण पुसला जात होता, नव्या अँटीबॉडीने, स्वच्छ ब्लॉटवर. पेशी आठ दिवस वाढत राहिल्या. दुसऱ्या सहा लाइनवर बघितलं, तिथेही तेच. मग त्या प्रोजेक्टमध्ये करण्यासारखं काही राहिलं नाही आणि एकविसाव्या महिन्यात तो बंद झाला. ते कायनेज ट्यूमरमध्ये वाढलेलं का असतं ते आम्हाला कळलं नाही. झपाट्याने विभागणाऱ्या पेशीत ते आपोआप वाढत असेल असा माझा अंदाज आहे, पण तो अंदाजच.

आता नवीन प्रोजेक्ट आहे, दुसरं टार्गेट. यावेळी नॉकआउट क्लोन पहिल्या कंपाउंडच्या आधी तयार होते, शून्य तासाची प्लेट प्रत्येक रनला लागते, त्यासाठी रोबोटची वेळ बदलून घेतली, आणि केमिस्टने निकामी जोडीदाराला स्वतःहून २ए असा नंबर देऊन ठेवलाय. माझ्या ज्युनियरने काल रात्री पहिली प्लेट लावली. ७२ तास व्हायला अजून दोन दिवस आहेत, पण आज १६ तासांवर आम्ही दोघी मायक्रोस्कोपवर बसलो आणि हातात काउंटर घेऊन गोल पेशी मोजल्या. कंट्रोलमध्ये शंभरात पाच, औषधात चार. तिने ते नोटबुकात लिहिलं, प्रश्नचिन्हाशिवाय, आणि प्लेट परत आत ठेवली.